इस्लामपूरच्या बाईंचा ड्रॅगन

सांगलीत कॉलेजजवळच्या एका कॅफेत रविवारी पत्त्यांचा खेळ रंगतो. पत्त्यांवर राजा-राणी नसतात. जादूगार, राक्षस आणि ड्रॅगन असतात. चौघं खेळायला बसतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. तिथल्या स्पर्धेच्या अंतिम डावात माझ्यासमोर इस्लामपूरहून एसटीनं आलेल्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या, पदर कमरेला खोचलेल्या. विचार करताना त्या पत्त्यांच्या कडेवरून अंगठा हळू फिरवायच्या.

माझ्या डावीकडच्या दाढीवाल्यानं भराभर सैन्य उभं केलं आणि तो माझ्यावर चालून आला. मला अडवता येईना. तेवढ्यात बाईंनी आपला एकुलता एक राक्षस मध्ये घातला. राक्षस मेला, मी वाचलो.

"मला कशाला वाचवलंत?"

"तुमी गेला तर त्यो माज्याकडंच वळंल की, दादा. ऱ्हावा जरा."

मग मी, दाढीवाला आणि चौथा खेळाडू असे आम्ही तिघं एकमेकांना झोडपत राहिलो. बाईंपुढं टेबलावर काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे कुणी वळलंच नाही. आमची सैन्यं संपत आल्यावर त्यांनी हातातला एक ड्रॅगन अलगद टेबलावर ठेवला. त्याच फेरीत आम्ही तिघंही संपलो.

"हा कधी आला तुमच्या हातात?" दाढीवाल्यानं विचारलं.

"पयल्यापास्नंच हुता," बाई हसल्या. "आदी दावला असता, तर तुमी तिघं मिळून माज्यावरच आला असता न्हवं?"

दाढीवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. मी मात्र, हरलेला असूनही, उभा राहून टाळ्या वाजवत होतो.