एका वेळी एकच बदल

फरशीच्या तिसऱ्या दुकानातून निघून आम्ही निम्मा रस्ता चालून आलो, तेव्हा वहिनींनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली. आत त्यांच्या न्हाणीघरातली जुनी हिरवी फरशी होती, नमुना म्हणून उखडून आणलेली. तशीच, पण पाय न घसरणारी त्यांना हवी होती.

दुकानदार म्हणाला होता, "हिरवी आता कोण घालतं काकू?"

"माझा मुलगा," वहिनी म्हणाल्या. शेवटी त्यातल्या त्यात जवळचा रंग सांगून ठेवला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. भावजी गेल्यापासून खालच्या मजल्यावर त्या आणि बाळ असे दोघंच. बाळ चाळिशी उलटलेला, समज मात्र लहान पोराची. घरात काही बदललं की तो जेवण सोडतो. आणि वहिनींनी तर अख्खं घर बदलायला काढलं होतं, आपल्यामागे त्याला नीट वावरता यावं म्हणून.

त्यांची रीत ठरलेली, एका वेळी एकच बदल. आधी न्हाणीघराची आतली कडी काढली. बाळ दारात उभा राहून रडला. वहिनी सकाळभर तिथेच पाट टाकून बसल्या. तो रुळल्यावर गॅस जाऊन विजेची शेगडी आली. मग अडखळायला नको म्हणून उंबरा काढला.

गवंडी वैतागला. "काकू, एकदम उरकू या की. अशानं माझे केस पिकतील."

"पिकू देत. तुम्हाला कुठे बोहल्यावर चढायचंय?"

वळणावर वहिनी दम घ्यायला थांबल्या. डॉक्टरांनी त्यांना हृदयाला जपायला सांगितलं होतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "फरशी बसली की सुटलात."

"फरशी शेवटची नाही गं." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "माझ्याशिवाय कुणाच्या हातचं तो खात नाही. ते तसंच राहिलं तर या फरश्या काय चाटायच्या त्यानं?"

पिशवी मी या हातातून त्या हातात घेतली.

"उद्यापासून त्याचा सकाळचा चहा तू आण. आधी कप ढकलून देईल, मनाला लावून घेऊ नकोस. मी आतल्या खोलीत असेन, पण बाहेर येणार नाही. तू कप पुन्हा भरायचास. करशील एवढं?"