आप्पांनी परत नेलेलं दावं

तिसगावच्या एसटी थांब्यावर आप्पांनी माझ्या हातातलं बोचकं काढून घेतलं, सोडलं आणि पुन्हा बांधलं. मी बांधलेलं काहीही माझ्या वडिलांना कधी पटलं नाही. आत दोन सदरे, एक चादर आणि आईने दिलेल्या भाकरी. बांधायला बैलाचं दावं. त्या वर्षीच्या दुष्काळात आमचा बैल विकला होता आणि जनावर विकताना आपलं दावं द्यायचं नसतं, म्हणून ते घरीच राहिलं होतं. आप्पांनी वर सुरगाठ मारली, एका हिसक्यात सुटणारी. म्हणाले, "जमलं न्हाई तर माघारी ये. लाजायचं कारन न्हाई."

मी मान हलवली, पण मनात म्हटलं, आता हात हलवत परत येणार नाही. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं. मला हातात काहीतरी कसब हवं होतं, आणि ते गावात मिळणार नव्हतं. गावात राहिलेले अजून म्हणतात, तुम्ही गेलात, सुटलात. बाबांनो, नगरला उतरल्यावर पहिले आठ दिवस मी रोज स्टँडवर जाऊन आमच्या गावावरून जाणारी पाथर्डीची गाडी बघून यायचो. सुटलो कसला!

नगरच्या सावेडीला तेव्हा बंगले उठायला लागले होते. तिथे कासममिस्त्रींच्या हाताखाली परांची बांधायच्या कामाला लागलो. उभ्या बल्ल्या, आडवे बांबू, काथ्याची दोरी आणि वर फळ्या. त्यावर उभं राहून गवंडी भिंत चढवणार. मिस्त्रींचा एक नियम होता. ज्याने परांची बांधली त्यानेच आधी वर जाऊन नाचायचं, मग गवंड्याला बोलवायचं. मला उंचीची भीती नव्हती. विहिरीत उतरणारा माणूस मी, चढायला कसला घाबरतो? पंधराव्या दिवशी मी पहिल्या मजल्याची परांची बांधली, वर जाऊन नाचलो. फळी हललीसुद्धा नाही.

दुपारी गवंडी दोरीने घमेलं वर ओढत होता. ती दोरी माझ्या गाठीच्या लोंबत्या टोकात अडकली, हिसका बसला आणि गाठ सुटली. बांबू निखळला, फळी कलली. गवंड्याने बल्लीला मिठी मारली म्हणून वाचला. नडगी मात्र सोलून निघाली.

मिस्त्री ओरडले नाहीत. दोरी हातात देऊन म्हणाले, "बांध बरं पुन्हा." मी बांधली. त्यांनी टोक ओढलं, सुटली.

"कुनी शिकवली ही?"

"आप्पांनी. गोठ्याला आग लागली तर बैल झटक्यात सोडता यावा म्हनून."

"तुझा बाप शहाना हाय. पन हितं बैल न्हाई, मानूस हाय वर. आजपासून दोरीला हात लावायचा न्हाई तू."

त्या दिवशी मी रडलो, हे आज पहिल्यांदाच लिहितोय. पण बोचकं उचललं नाही. दिवसभर बल्ल्या वाहायचो आणि जेवणाच्या सुट्टीत एका पडीक बल्लीवर निरगाठ मारत बसायचो. हात पुन्हा पुन्हा सुरगाठीकडेच वळायचे. लहानपणापासून तेच केलेलं, दुसरं काय होणार? काथ्याने तळवे फाटले. मिस्त्री जाता-येता न बोलता टोक ओढून बघायचे. सुटली की पुढे जायचे, नाही सुटली तरी पुढेच जायचे. असे सहा-सात महिने गेले. मग एक दिवस जाता जाता म्हणाले, "उद्या मागची बाजू तू बांध."

ती बांधून दोन दिवस झाले होते आणि आप्पा आले. पाऊस पडला होता, पेरणी तोंडावर होती. "बैल बघून ठेवलाय," म्हणाले. "चल आता."

मी म्हणालो, "आप्पा, ही परांची मी बांधलीय. वर मानसं हायेत. मी न्हाई येत."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हणालो. आप्पा परांचीजवळ गेले, एक गाठ धरली आणि दोन्ही हातांनी टोक ओढलं. पाय रोवून पुन्हा ओढलं. मग पायताण काढून, धोतर खोचून सरळ वर चढले आणि फळीवर उभे राहिले. मिस्त्री खालून बघतच राहिले.

उतरल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "सुटत न्हाई रं ही." मग माझ्या खोलीवर आले, खुंटीवरचं दावं काढून खांद्यावर टाकलं. "हे तुला आता लागायचं न्हाई. नव्या बैलाला व्हईल."

थांब्यावर मला येऊ दिलं नाही.

पुढे मी नगरभर परांच्या बांधल्या, माझं स्वतःचं घरही सावेडीतच झालं. कुणी गाव विचारलं की मात्र तोंडातून तिसगावच निघतं. बायको हसते, म्हणते, "अहो, पन्नास वर्षं झाली." आप्पा आता नाहीत. गावी गेलो की गोठ्यातलं जनावर मीच बांधतो, पुतण्याला हात लावू देत नाही. तिथे मी सुरगाठच मारतो. आणि बांधून झाली की आप्पा बघतायत असं वाटून पुन्हा सोडतो, पुन्हा बांधतो.