भावोजींचा फोन

सकाळीच ऑफिसात प्रशिक्षण झालं: घरी मार सोसणाऱ्या सहकाऱ्याला आधार कसा द्यायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या, समोसे खाल्ले. संध्याकाळी आमच्यातलीच शुभा गालावरचा वळ पावडरीखाली झाकून ऑफिसातूनच माहेरी निघाली, आणि पाठोपाठ ऑफिसच्या फोनवर तिच्या नवऱ्याचा फोन आला. शेजारच्या टेबलावरच्या जोशीबाईंनी तो उचलला, खिडकीतून वाकून पाहिलं नि गोड आवाजात सांगितलं, "हो भावोजी, आत्ताच निघाली. बॅग घेऊन स्टँडकडे वळली बघा."

माझं डोकंच फिरलं. एरवी हीच माणसं म्हणतात, दुसऱ्याच्या संसारात आपण कशाला पडायचं? मग ही खबर पोचवणं काय आहे? बाईचा मार खासगी, आणि तिचा ठावठिकाणा मात्र नवऱ्याने विचारायचा अवकाश, आम्ही सांगू!

जोशीबाईंनी फोन ठेवला. "बिचारे," त्या म्हणाल्या, "किती काळजी तिची!"

खाली शुभा अजून रस्ताच ओलांडत होती.