जाळी घरी वाळवली ते वर्ष

जाळ्याच्या जळत्या नायलॉनचे थेंब माझ्या नवऱ्याच्या, बुढ्याच्या पाठीवर पडत होते आणि मला त्याला ओढता येत नव्हतं. त्याचा एक पाय जुनाच निकामी. तो उंबरठ्यात अडकला. वर मांडवावरचं तणस, धानाचा वाळला पेंढा, धडाधड पेटलेलं. मी त्याच्या बगलेत हात घालून ओढत होते आणि तो ओरडत होता, "सोड बुढे, तू निघ इथून!" मांडव खाली बसला तेव्हा आम्ही दोघं अंगणात होतो. पण त्याची पाठ आणि मान जळून गेली होती. माझे हात कोपरापर्यंत भाजले होते.

ही आग कबड्डीच्या फायनलनंतर लागली. दिवसाउजेडी, चार वाजता.

आमचं गाव सिंदेवाहीकडचं. आम्ही ढिवर, तलावावर जगणारी माणसं. तलावाच्या पाळीखाली सपाट जागा आहे, तिथे आमची जाळी वाळतात. त्या वर्षी पोरांनी कबड्डीला तीच जागा मागितली आणि आम्ही दिली. सगळ्यांनी आपापली जाळी घरी नेली. मी माझी सपरीच्या, म्हणजे दारापुढच्या पडवीच्या, बल्ल्यांवर टांगली. डोक्यावर मांडव, मांडवावर नव्या धानाचं तणस. आगीजवळ जाळं नेऊ नये हे आमच्या लेकरांनाही कळतं. पण आग तिथे नव्हती ना. म्हणून मी टांगली.

फायनल आमच्या गावाची आणि माझ्या माहेरच्या गावाची. माझा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा, दुपारी आमच्याकडे जेवला. लग्न झालेला, पंचविशीचा बाप्या. मासोळीचा रस्सा दोनदा मागून घेतला. बुढ्याला म्हणाला, "चला न सामना पाहाले." बुढा म्हणाला, "मी काऊन येऊ? कोणी जिंको, तंबाखूचा खर्रा तर मले इथीच बसून खायचा हाय."

शेवटच्या चढाईत रेषेवरून वाद झाला. चुना पुसला गेला होता. पंच आमच्या गावचा. त्याने गुण आमच्याकडे दिला आणि शिट्टी वाजवली. मग दगड आले, मग काठ्या. हरलेले शंभरेक जण आमच्या मोहल्ल्यात शिरले. मी सपरीत होते, बुढा आत खाटेवर. एकाने मांडवावरून मूठभर तणस ओढलं, काडी लावली आणि माझ्या जाळ्यावर फेकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो माझा भाचा होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यात बुढा पोटावर निजून होता. चौथ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला येणार होते. त्याआधी आमच्या गावची माणसं आली. म्हणाली, त्या गावाशी सोयरिक बंद, त्यांना मासोळी विकायची नाही, त्यांनी जन्मात कबड्डी खेळायची नाही. एक म्हणाला, त्यांचे हात तोडा. मी म्हटलं, "तिथली म्हातारी टोपलं घेऊन मासोळी घ्याले येते, तिनं काय पेटवलं? गावाले शिक्षा नाई होत. ज्यानं केलं त्याले होते." ते माझ्यावर चिडून गेले. जाताना एकजण बोललाच, "माहेरची माया हाय बुढीले."

मग भाऊ आला, मुलाला घेऊन. खाली बसला आणि रडला.

"बाई, त्याचं नाव नको घेऊ. गर्दी होती. गर्दीत कोणाचं डोकं ठिकाणावर राह्यते?"

"गर्दी शंभराची होती. काडी एकानं ओढली. माझ्या हातचं जेवून."

"तुले लेकरू नाई, म्हणून तुले समजत नाई."

ते खरं होतं. मला मूलबाळ नाही. बुढा गेला तर भावाचं घर सोडून मला जायला दार नव्हतं, आणि ते दार आता मीच लावणार होते. हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो बोलला.

भाचा पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

"पाया नको पडू. पट्टी बदलाची वेळ झाली. इथी उभा राह्य अन् पाह्य."

"आत्या, मले नाई पाहावत."

"मले रोज पाहावं लागते. नाव तर मी घेनारच. पोलीस काय करतील ते करतील. पर तुले शिक्षा मले विचारली तर ही हाय. याचं दुखणं सरेपर्यंत इथी राह्याचं. भांडं धराचं, कूस बदलाची."

नर्सबाईंनी पट्टी सोडवली. कातडी पट्टीबरोबर आली. बुढा खाटेची कड धरून राहिला. भाच्याने ते पाहिलं. मग तोंडावर हात धरून बाहेर पळाला. मी वाट पाहिली. दुपार गेली, संध्याकाळ झाली. वाटत होतं, परत येईल. आला असता तर मी नाव घेतलं नसतं की काय, हे मी खरंच सांगू शकत नाही. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांना मी त्याचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. सहीच्या जागी अंगठा चालेल म्हणाले. माझी चौथी झाली आहे. पट्टीतून बाहेर निघालेल्या दोन बोटांत पेन धरून मी सही केली.

लोक विचारतात, अशांना काय करावं. तुरुंगात घाला, ते झालंच पाहिजे. पण तुरुंगात त्याच्यासमोर भिंत असते. माझ्यासमोर पाठ होती. ती पाठ त्याने बघायला पाहिजे होती, शेवटच्या दिवसापर्यंत. असा कायदा नाही.

बुढा अकराव्या दिवशी गेला. भाऊ मातीला आला नाही. भाचा तीन महिने आत होता, आता जामिनावर बाहेर आहे, धानाच्या कामाला जातो. आग लागली तेव्हा घरात बुढा आणि मी, आम्ही दोघंच होतो. मी जगले.