ओटीआधीच्या हिरव्या बांगड्या

आमच्या संस्थानचे महाराज गादीवर येऊन काही वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या पत्नीच्या डाव्या स्तनातली गाठ फुटून जखम झाली होती, काखेतही गाठी आल्या होत्या. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली आहे. त्या दिवसांत देवापुढे बसलो तरी माझे हात जुळत नसत.

तिला मात्र एकदा अंबाबाईची ओटी भरायची होती. त्यासाठी नव्या बांगड्या हव्यात, म्हणून देवळालगत एका वयस्क मणेरणीपुढे ती बसली. पदर सरला तेव्हा मलाही प्रथमच दिसले. हात सुजून जुन्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, खाली कातडी फाटली होती. नवरा असताना बांगड्या वाढवायच्या नाहीत, म्हणून तिने हात झाकून ठेवला होता. त्यांच्यावरच दोन नव्या चढवा, असा तिचा आग्रह.

मणेरणीने माझ्याकडे बोट केले. “मालक समोर हुबा हाय की. काच फुटली म्हणून पळून जातोय व्हय त्यो?”

पत्नी हसली. कित्येक महिन्यांनी हसली. मग म्हातारीने काचेखाली फडके सारून एकेक बांगडी हलक्या हाताने वाढवली आणि सैल हिरव्या बांगड्या भरल्या. आम्ही ओटी भरून आलो.

दुसऱ्या दिवशी मनगटापासून छातीपर्यंत लाली चढली, कडक ताप आला. डॉक्टरांनी मन घट्ट करायला सांगितले. मी देवीकडे आधी तिचे आयुष्य मागितले, मग तिची सुटका मागितली. शेवटी मागणेच थांबले. पुढचे तुझे, एवढे म्हणून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिलो.

बऱ्याच दिवसांनी ताप उतरला. स्तनावरची जखम सुकू लागली, तिच्यावर कातडी आली. गाठी बोटांना लहान लागू लागल्या, पुढे सापडेनाशा झाल्या. तापानंतर क्वचित असे होते, पण कारण ठाऊक नाही, असे डॉक्टर मोकळेपणाने म्हणाले. मलाही त्याहून अधिक ठाऊक नाही.

पुढच्या चैत्रात आम्ही देवळात गेलो. हे दुखणे परत न येवो, असे मागायचे मी वाटेतच ठरवले होते. माझे ओठ हलताना तिने पाहिले.

“अहो, आल्याआल्या मागायला काय लागलात? तिला जरा नुसतं बघा की.”

मी मान वर केली. समोर देवी होती, शेजारी ही होती. तेव्हापासून मी तिथे एवढेच पाहायला जातो.