खारट माती

देवळालीच्या उसाच्या पट्ट्यात एका कुंभाराची भट्टी आहे आणि तिथे तो मातीचे शंख, मासे, कासवं बनवतो. कोकणातल्या दुकानदाराचा टेम्पो येऊन माल घेऊन जातो. त्याने स्वतः समुद्र पाहिलेला नाही. बोलताना समोरच्याकडे न बघता तो अंगठ्याच्या नखाने माशावर खवले उमटवत बसतो. मला तिथे फार वेळ बसवत नाही, तरी जातो.

पूर्वी तो माठ करायचा. उसाला पाणी देऊन देऊन शिवार क्षारपड झालं, मातीही खारट झाली आणि माठांना पांढरे पोपडे सुटू लागले. माशांवरचा तोच पांढरेपणा गिऱ्हाइकांना समुद्राचा वाटतो म्हणे.

तरी दर उन्हाळ्यात तो एक माठ करतोच. परवा मी गेलो, तेव्हा नव्या माठात रात्रभर ठेवलेलं पाणी त्याने तोंडात घेतलं, थुंकलं आणि माठ उचलून दगडावर आपटला.

"आवंदा बी न्हाई," तो म्हणाला.

"जाऊ द्या. मासे तर खपतायत ना?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"माशात पानी भरून पितं का कुनी?"