पन्नास पैशांच्या वरचं गाव

सातवीच्या वर्गात 'गुणोत्तर आणि प्रमाण' हा धडा आला की माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं नांदेडात गणित शिकवते आहे, तरी दर वर्षी तेच. मुलांना वाटतं, बाईंना हा धडा आवडत नाही. खरं तर मला हाच धडा सगळ्यात जास्त आवडतो. राग येतो तो लोक त्याचं जे करतात त्याचा. एका आकड्याला दुसऱ्यानं भागायचं, एवढीच तर गोष्ट आहे. डॉक्टर बाळाच्या वजनाला औषध जुळवतात ते गुणोत्तरावर. प्रयोगशाळेत आम्लात पाणी किती, नकाशावरचा बोटभर रस्ता खरा केवढा, बँकेचं व्याज मुदलाच्या किती, सगळीकडे हेच एक हत्यार चालतं. पण भागाकारातले दोन्ही आकडे आणले कुठून, हे कोणी विचारत नाही.

विष्णुपुरीचं धरण इतके टक्के भरलं, अशी बातमी आली की आमच्या स्टाफरूममध्ये बारसं असल्यासारखे चेहरे होतात. मी विचारते, शंभर टक्के म्हणजे किती हो? तळाला बसलेला गाळ धरून की सोडून? बाई भांडकुदळ आहेत, असं माझ्यामागे म्हणतात. म्हणू देत. माझ्या अक्काची शाळा एका गुणोत्तरानं बुडवली, आणि ते मांडताना मी स्वतः बांधावर उभी होते.

आमचं गाव चाकूरकडचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि आईला अव्वा. अण्णा गावचे सरपंच होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, धोतर बगळ्यासारखं पांढरं. अक्का माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, मी सांगते त्या वर्षी दहावीला होती. गावातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. रोज चाकूरला शाळेत जायची, आणि गणितात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. तिला मास्तरीण व्हायचं होतं. मला पाढे तिनंच शिकवले, तेही भाकरी थापता थापता.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा वेगळा झाला. आधी कुठल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, अख्खा दिवस जायचा. आता कचेरी हाताशी आली म्हणून गावात नारळ फुटले, अण्णांनी स्वतः गूळ वाटला. आणि नेमका त्याच वर्षी पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो फिरकलाच नाही. माळावरची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. आमचं एक वावर मात्र विहिरीखालचं होतं, खोल काळ्या मातीचं. विहिरीचं उरलंसुरलं पाणी अण्णांनी तिथं फिरवलं होतं, म्हणून तेवढी ज्वारी उभी होती.

अशा वर्षी सरकार आणेवारी काढतं. आणे जाऊन पैसे आले तरी गावात शब्द तोच. नेहमीसारखं पीक म्हणजे पुरा रुपया, आणि यंदाचं पीक त्या रुपयातले किती पैसे, हा हिशेब. उत्तर पन्नासाच्या खाली आलं तर गाव दुष्काळी, मग पाण्याचा टँकर येतो, जनावरांना चारा येतो, कामं निघतात. पन्नासाच्या वर गेलं की गाव सुखी. सुखी गावाला टँकर कशाला लागतो?

त्यासाठी चिठ्ठी टाकून एक वावर निवडायचं, त्यात सुतळीनं चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, तोलायचं. आमच्याकडे नव्या जिल्ह्याचा साहेब स्वतः आला, सोबत तलाठी. गावानं सडे घातले, पारावर सतरंजी अंथरली. चिठ्ठी निघाली ती माळावरच्या वावराची, आमच्या शेजाऱ्याच्या. चिठ्ठी अगदी बरोबर निघाली होती. अख्खं गाव तसंच करपलेलं होतं.

अण्णा हसले. म्हणाले, "साहेब, तिथं काय बघता? नवा जिल्हा, तुमी पयल्यांदा आमच्या गावाला आलात, अन् आमी तुमाला जळकं रान दाखवावं व्हय? गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. चला, आमच्या वावरात चला."

शेजारी आढेवेढे घेईल असं वाटलं होतं. कसलं काय! तो तर सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "हाव साहेब, सरपंचाचंच बघा. माझं दाखवायजोगं न्हाई." आमच्याकडे ही रीतच आहे. पाहुणा आला की फाटकी गोधडी आत ढकलायची, उसनी चादर वर घालायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे अण्णांच्या तोंडात कायम असायचं. पण हा पाहुणा गोधडीच बघायला आला होता, हे त्या एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

साहेबाच्या डोक्यात मात्र नक्की आलं. तो काही शेणामातीचा पुतळा नव्हता, शिकलेला होता. त्यानं चिठ्ठीची घडी केली, खिशात टाकली, आणि तलाठ्याला म्हणाला, "चला, सरपंच म्हणतात तर." नव्या जिल्ह्याची सुरुवात दुष्काळी गावांच्या यादीनं करावी, अशी वर कोणाचीच इच्छा नसणार. अण्णांनी त्याला आयतं ताट वाढलं, आणि तो जेवला. अण्णांचा मला राग आहेच, पण या माणसाचा आठवला की आजही तळपायाची आग मस्तकाला जाते.

खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, ज्वारी कापली. अक्का शाळा बुडवून पाहुण्यांना पाणी द्यायला आली होती, कळशी घेऊन बांधावर उभी होती. तोलून झाल्यावर तलाठ्यानं आकडा मोठ्यानं सांगितला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मीही वाजवल्या असतील, मला काय कळत होतं? मग साहेबाला आमच्या घरी धपाटे आणि दही झालं.

हिवाळ्यात यादी लागली. आमचं गाव पन्नास पैशांच्या जरासं वर होतं. शेजारची गावं खाली. आमच्यासारखीच माती आणि आमच्यासारखंच आभाळ असलेल्या त्या गावांत टँकर यायला लागला. संक्रांतीपर्यंत आमची विहीर आटली, गावातले आड तर त्याआधीच आटले होते. अण्णा टँकर मागायला लातूरला गेले. परत आले ते ओसरीवर बसलेच नाहीत, सरळ चुलीपाशी गेले आणि अव्वाला हळू आवाजात म्हणाले, "कारकून म्हणतो, सरपंच, पीक तर तुमच्याच वावरातलं. तुमीच उभे होता की तिथं."

एवढं होऊनही चूक झाली, असं ते म्हणाले नाहीत. ना त्या दिवशी, ना पुढं कधी.

पाणी उरलं होतं ते लांबच्या मळ्यातल्या एका विहिरीत. झिरा भरेपर्यंत बसायचं, वाटीनं उपसायचं. अव्वा कामाला जायची, मी लहान, मग राहिली कोण? अक्का शाळेच्या वेळेला घागरी घेऊन निघायला लागली. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं अव्वाला काविळीनं धरलं. परीक्षा आली आणि गेली. पुढच्या साली परीक्षेला बस, अण्णा म्हणाले. पुढच्या साली तिला हदगावला दिली.

टँकर आला असता तर अक्का मास्तरीण झाली असती, असं मी छातीठोक सांगते. कोणी म्हणेल, असं एका कारणावर बोट ठेवता येत नाही. मला येतं.

मागच्या उन्हाळ्यात मी हदगावला तिच्याकडे गेले होते. सोयाबीनचं बियाणं निवडत आम्ही बसलो होतो, तिची सून भाजी चिरत होती. बोलता बोलता अक्का सुनेला कौतुकानं सांगायला लागली, "आमचे अण्णा म्हंजे काय होते! नव्या जिल्ह्याचा साहेब आमचंच वावर बघून गेला. सारं गाव टाळ्या वाजवून राहिलं होतं."

माझ्या हातातलं सूप खाली आदळलं. मी ओरडलेच. "अक्का, त्याच वावरानं तुझी दहावी खाल्ली! गाव करपलेलं, अन् मोजलं ते एकटं विहिरीखालचं रान. त्या एका चौकोनावर अख्ख्या गावाचा भागाकार केला त्या लोकांनी. तुला कळतं का काही? त्याची फुशारकी कसली मारतेस?"

सून चिरायची थांबून बघत राहिली. अक्का मात्र दाणे निवडतच होती.

"कळतं की," ती म्हणाली. "तवाच कळलं होतं. तलाठ्यानं आकडा सांगितला, अन् मी बांधावरच मनात भागून बघितलं. पन्नासाच्या वर चाललंय म्हणून."

"मग बोलली का न्हाईस?"

"अण्णा साहेबाम्होरं छाती काढून उभे होते. त्यांना काय म्हणू? हे वावर नका दाखवू, माझी शाळा जाईल, असं?"

"म्हणायचं होतंस! ओरडायचं होतंस!"

अक्कानं खडा उचलून बाजूला टाकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"अन् तू कुणावर वरडून राहिलीस?" ती म्हणाली. "अण्णा न्हाईत आता. तो साहेब न्हाई. मीच घावले व्हय तुला?"